मंदाबाईचं आरमार

सानगडीत रोवण्याचे दिवस आले की सगळ्यांत आधी बोलावणं यायचं ते मंदाबाईच्या टोळीला. धानाचा रोवणा म्हणजे चिखलात दिवसभर वाकून रोपं लावायचं काम. पण मंदाबाई ओळीच्या टोकाला उभी राहिली की बाकीच्या बायांचे हात आपोआप तिच्या हाताच्या चालीनं चालायला लागत. शेजारची एखादी तरुण पोरगी पुढं जाताना दिसली, तर मंदाबाईचं बोलणं एकदम बंद व्हायचं. मग बांध येईपर्यंत ती मान वर करायची नाही, आणि बांधावर पहिला पाय तिचाच पडायचा. हरणं तिला सोसतच नसे. लेकीशी, खुशबूशी, चवाष्टा खेळतानाही ती कवड्यांवरून भांडायची. लेक लग्न होऊन मौद्याकडे गेली, तरी माहेरी आली की आईची ती भांडणं आठवून हसायची.

नवरा सुखराम साकोलीला आरा मशीनवर कामाला. बोलणं कमी, पण हात चांगला. घरातली दारं, खाट, देवाचा पाट, सगळं त्याच्या हातचं. मुलगा मनिष मात्र लाकडाच्या भुशात रमला नाही. तो मोबाइलच्या टॉवरवर चढायच्या कामाला लागला आणि छत्तीसगडात हिंडू लागला. रायपूरला त्यानं नाकाडोंगरीच्या निकेशबरोबर भाड्यानं खोली घेतली होती. दोघं एकाच ठेकेदाराकडे होते.

एका उन्हाळ्यात, राजनांदगावच्या पुढं कुठंतरी, मनिषच्या पट्ट्याचा हूक तुटला. निकेश तेव्हा खाली दोर धरून उभा होता.

नागपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून मनिषला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मंदाबाईला समोर बसवून सांगितलं की मानेतली नस तुटली आहे, छातीच्या खालचं आता चालणार नाही. खांद्यातून हात उचलता येत होते, कोपर वाकत होतं, पण बोटं मिटत नव्हती. डोकं मात्र पहिल्यासारखंच लख्ख होतं. डॉक्टरांना ही चांगली गोष्ट वाटत होती.

समोरच्या खोलीत त्याची खाट लागली. त्याला खाऊ घालणं, पुसून काढणं, लघवीची पिशवी बदलणं, ठरल्या वेळेला कूस पालटणं, हे सगळं मंदाबाई शिकली. सुखराम संध्याकाळी येई, उंबरठ्यावर उभा राही, जेवला का म्हणून विचारी आणि उत्तर ऐकायच्या आत मागच्या अंगणात निघून जाई. खोलीत पाय टाकणं त्याला जमलंच नाही.

त्या हिवाळ्यात निकेश रविवारी रविवारी यायला लागला. एकदा त्यानं पिशवीतून पत्त्यांचा एक डबा काढला. रायपूरच्या खोलीत दोघं कामावरून आले की हाच खेळ खेळत. नेहमीचे पत्ते नव्हते ते. प्रत्येकावर काळ्या आभाळातलं एकेक जहाज, खाली इंग्रजीत बारीक मजकूर आणि कोपऱ्यात आकडे. मनिषला पत्ते धरता येत नव्हते, म्हणून निकेश अवघडून बसला. दारात उभ्या सुखरामनं ते पाहिलं. पुढच्या रविवारी सागवानाची एक पट्टी आलेली होती, तिला खाच पाडलेली, अशी की पत्ते मनिषकडे तोंड करून उभे राहावेत आणि समोरच्याला दिसू नयेत. सुखरामनं ती दाराशी ठेवली होती. मनिष बोटाच्या मागच्या हाडानं पत्ता पुढं ढकलायचा आणि निकेश तो त्याच्यासाठी मांडायचा.

मग निकेशला तेलंगणात काम मिळालं. जाताना डबा इथंच ठेवून गेला. आधी फोन येत होते, पुढं तेही सरले.

मनिष भिंतीकडे तोंड करून पडू लागला. दोन घास खाऊन मान वळवायचा. एक दिवस मंदाबाई त्याचे पाय चोळत होती, तेव्हा तो वर छताकडे पाहत हळूच म्हणाला, "माय, आता नको करू हे सगळं. राहू दे मले."

ती पाय चोळत राहिली. तो काय म्हणतो आहे ते तिला पुरतं कळलं होतं. सुखरामला तिनं सांगितलं नाही, लेकीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आटोपून तिनं फळीवरचा डबा काढला आणि खाटेजवळ बसली.

"शिकव मले."

"काय?"

"हेच. तुमी दोघं खेळत होते ते."

"तुले नाही जमत. इंग्रजी आहे सगळं."

"आकडे तं इंग्रजीतही तेच राहतात," मंदाबाई म्हणाली. "सातवीपर्यंत गेली आहे मी. बाकीचं तू सांग."

तिनं पत्ते अंथरुणावर ओतले आणि एकेक उलटा-सुलटा करून पाहू लागली. चुकीचे ढीग लावू लागली. ते त्याला बघवलं नाही. "तसं नाही, माय," असं म्हणून त्यानं मान तिच्याकडे वळवली.

खेळ दोघांचाच होता. सुरुवातीला दोघांकडे सारखेच हलके पत्ते. बहुतेक व्यापाराचे, एखाददुसरा मारण्याचा. मधे काही पत्ते उघडे मांडायचे, तो बाजार. हातात आलेल्या पत्त्यांचं जेवढं मोल, तेवढ्याचं जहाज बाजारातून घ्यायचं. पण घेतलेलं जहाज लगेच वापरता येत नाही. ते आपल्याच वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात जाऊन पडतं. गड्डी संपली की तो ढीग पिसून पुन्हा गड्डी करायची, मग कधीतरी ते जहाज हाती येतं. असं करत प्रत्येकानं आपलं आरमार उभारायचं आणि समोरच्याचा जीव संपवायचा. जीव मोजायला निकेश मोबाइल वापरायचा. मंदाबाईनं दोन वाट्यांत चिचोके घेतले.

इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसेनात, म्हणून तिनं आपली नावं ठेवली. लांब चोचीचं जहाज बगळा, दोन नांग्यांचं खेकडा. हिरव्या रंगाची, घोळक्यानं येऊन मारणारी जहाजं टोळ झाली. एक गोल, फुगीर ठाणं होतं, ते एकदा डावात बसलं की समोरच्यानं फोडेपर्यंत हलत नसे. त्याला तिनं गावातल्या एका सावकाराचं नाव दिलं. ते ऐकून मनिषच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पहिल्या काही दिवसांत तेवढंच मिळालं.

शिकताना तिला सगळ्यांत जड गेलं ते थांबणं. रोवण्यात हात घातला की पऱ्ह्याचं रोप लगेच उभं दिसतं. इथं आज घेतलेलं जहाज दोन फेऱ्यांनी येणार, तोवर हलक्या पत्त्यांवर निभवायचं. ती कंटाळायची, स्वस्त पत्ते भराभर उचलायची, आणि मग तिची गड्डी एवढी जाड व्हायची की चांगलं जहाज तळाशीच अडकून राहायचं.

पुढं तिला खेळ थोडा कळायला लागला, तेव्हा तिनं एक चूक केली. मनिष हरायला आला होता. तिच्या हातात मारण्याचा पत्ता होता. तिनं तो खाली न टाकता व्यापाराचा टाकला. मनिषनं तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग कोपर फिरवून सगळा मांडलेला डाव जमिनीवर लोटून दिला. चिचोके खाटेखाली पसरले.

"मले हगवते, धुवते, ते ठीक आहे," तो म्हणाला. "खेळात दया नको दाखवू, माय. एवढं एकच उरलं आहे माह्याजवळ."

मंदाबाई खाली वाकून चिचोके वेचत राहिली. तोंड वर केलं तेव्हा ती म्हणाली, "बरं. मंग आता रडायचं नाही."

त्यानंतर ती कधी हातचं राखून खेळली नाही. तो तिला हरवत असे, आणि ती मनापासून चिडत असे. चूल फुंकताना, नळावर पाणी भरताना तिच्या डोक्यात तेच. लाल जहाजांचा गुण मनिषनं तिला पुन्हा पुन्हा सांगितला होता: ती आपलेच हलके पत्ते कायमचे बाहेर काढून टाकू देतात. तिला ते पटत नव्हतं. जे पत्ते पहिल्यापासून आपल्याजवळ आहेत ते आपल्या हातानं कायले फेकायचे, असं ती म्हणायची.

"कारण ते कामाचे नाहीत," मनिषनं एकदा सांगितलं. "दर खेपेला हातात येतात आणि चांगल्याची जागा अडवतात. या घरात मी आहो ना, तसे."

मंदाबाईनं हातातले पत्ते पालथे ठेवले. सुपारी कातरल्यासारखे तिचे शब्द आले. "पत्ता पत्त्याच्या जागी. पुन्हा मानसाले पत्ता म्हनशील तं हा डबा चुलीत जाईल."

पण डावात मात्र तिनं त्याचं ऐकलं. हलके पत्ते काढून टाकायला लागली आणि तिची गड्डी चपळ झाली.

आषाढ आला. टोळी जमली तेव्हा मंदाबाईनं सांगितलं की या साली मी येत नाही, शकुबाईनं टोळी न्यावी. शकुबाई तिच्याच हाताखाली तयार झालेली. तिनं आढेवेढे घेतले, मग नेली. रस्त्यानं बाया गेल्या की त्यांचं बोलणं खोलीत ऐकू यायचं. शेजारची केशरबाई एकदा ताकाला आली, खाटेवर पसरलेले पत्ते पाहून गेली, आणि मग गावात झालं की सुखरामची बायको रोवणा सोडून लुळ्या पोरासंगं पत्ते कुटत बसते. लेकीच्या सासरपर्यंत ते गेलं. खुशबूनं फोन करून भीतभीतच विचारलं. मंदाबाई म्हणाली, हो, कुटते.

ती पहिल्यांदा खरी जिंकली ते पोळ्याच्या आसपास. टोळांची जहाजं एका हातात एकदम आली आणि मनिषची वाटी रिकामी झाली. त्यानं दोनदा मोजायला लावलं. मग म्हणाला, "अजून एक. आणि भूक लागली, भात वाढ."

तो श्रावण-भादवा घरात बरा गेला. मनिष जेवू लागला, उशीला टेकवून बसवून दे म्हणू लागला. पडून राहिलं की त्याला बाजारातले पत्ते दिसत नसत. मंदाबाई गादीची गुंडाळी पाठीमागं लावायची आणि त्याला बसवायची. एक डाव संपला की दुसरा. कूस पालटायची वेळ व्हायची, ती उठायला जायची, तर तो म्हणायचा, थांब, एवढा हात होऊ दे. आणि ती थांबायची. तिलाही तो हात बघायचा असायचा.

एका सकाळी त्याला आंघोळ घालताना तिला ते दिसलं. माकडहाडावर आधी नुसता लाल डाग होता, तो काळा पडला होता आणि मधोमध कातडं सोलल्यासारखं झालं होतं. तिनं बोट लावलं. मनिषला काही कळलं नाही. तो विचारत होता, आज हिरव्यावर खेळू की निळ्यावर.

दवाखान्यातल्या ललिताबाई सिस्टर घरी येऊन बघून गेल्या. त्यांनी जखम साफ केली, पट्टी केली आणि तो दिवसाला किती वेळ बसतो ते विचारलं. मंदाबाईनं खरं ते सांगितलं. मग म्हणाल्या, आता अजिबात बसवायचं नाही, पालथं ठेवायचं, नाहीतर कुशीवर. जखम वरून लहान दिसते, आत किती गेली ते सांगता येत नाही.

त्या दिवशी मंदाबाईनं डबा फळीवर टाकला. मनिषनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी जेवणाची वाटी समोर आली तेव्हा त्यानं तोंड उघडलं नाही.

"पालथाच ठेव मले," तो म्हणाला. "मान खाटेबाहेर राहू दे. तू खाली मांड."

असा तो खेळ मग जमिनीवर उतरला. मनिष खाटेवर पालथा, कपाळाला चादरीची घडी, डोकं काठाबाहेर. खाली शेणानं सारवलेल्या भुईवर बाजार मांडलेला, आणि मंदाबाई मांडी घालून समोर. लाकडाची पट्टी आता उपयोगाची नव्हती. त्याचे पत्ते तीच त्याच्यापुढं धरायची, स्वतःचे डोळे मिटून. तो सांगायचा डावीकडून दुसरा, आणि ती चाचपून तो काढायची. तिनं एकदाही डोळे उघडले नाहीत. त्यानंही कधी विचारलं नाही.

जखम भरत नव्हती. ललिताबाई दर दोन दिवसांनी येत, आणि दर खेपेला कमी बोलत. वास यायला लागला होता. मंदाबाई उदबत्ती लावायची. दोघंही त्या वासाबद्दल बोलत नसत.

दिवाळी झाली, गावात मंडईची जत्रा भरली. रात्रीच्या दंडारीतल्या नाचगाण्याचे, ढोलकीचे आवाज खोलीत येऊन गेले. त्यानंतरच्या आठवड्यात ताप चढला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जखमेचं विष रक्तात गेलं आहे. तिथं मनिष कुणाला ओळखत होता, कुणाला नाही. सुखराम पहिल्यांदा त्याच्या उशाशी बसला ते तिथं, कारण तिथं दुसरीकडे जायला अंगण नव्हतं. पोराचा हात हातात घेऊन बसून राहिला. तशातच एका पहाटे मनिष गेला.

सगळं उरकून पाहुणे पांगले. लेकही सासरी गेली. घरात दोघंच राहिली, तेव्हा सुखराम जेवता जेवता थांबला आणि ताटाकडे पाहत म्हणाला, "बसवून बसवून तू मारलं त्याले."

मंदाबाईनं त्याच्या ताटात वरण वाढलं. तिचं मन तिला तेच सांगत होतं, रोज, वेगवेगळ्या शब्दांत. नसतं बसवलं तर तो भिंतीकडे तोंड करून पडला असता, जेवला नसता; मग काय झालं असतं, हे ती मोजायला जायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची. राहू दे मले, असं तो म्हणाला होता. ते तिनं तेव्हाही सुखरामला सांगितलं नाही. त्याला ते झेपलं नसतं.

संक्रांतीच्या सुमारास निकेश आला. त्याला उशिरा कळलं होतं. अंगणातच उभा राहिला. काकू, मी यायला पाहिजे होतं, असं काहीतरी पुटपुटला आणि रडला. मंदाबाईनं पाणी दिलं. आतून डबा आणून त्याच्यापुढं ठेवला.

"घेऊन जा बाबू. तुह्या पैशाचाही आहे अर्धा."

"काकू, राहू द्या तुमच्याजवळ."

"एकट्यानं होत नाही तो," ती म्हणाली.

निकेशनं डबा मांडीवर घेतला. मग थोड्या वेळानं, जरा बिचकत, त्यानं विचारलं की शेवटी शेवटी मनिष कसा खेळत होता.

आजवर तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता. सानगडीत ते समजणारं कोण होतं? मंदाबाई पायरीवर बसली आणि शेवटचा डाव सांगू लागली. ताप चढायच्या आधीचा, मंडईच्या दुसऱ्या दिवशीचा. पहिल्या फेरीतच तिला सावकार मिळाला, मग दोन खेकडे. निकेशला खेकडे म्हणजे काय कळेना, तेव्हा तिनं डबा उघडून पत्ता दाखवला. बाजारात जे मोठं येईल ते ती उचलत गेली. मनिष सुरुवातीला दोन लाल जहाजं घेऊन बसला, मग काहीच घेत नव्हता. नुसते आपले हलके पत्ते बाहेर टाकत होता, आणि वाटीतले चिचोके जाऊ देत होता. तिला वाटलं, आज याचं अंग बरं नाही, लक्ष नाही. त्याच्या वाटीत अगदी थोडेच उरले. मग कळलं की त्यानं आपली गड्डी इतकी लहान करून ठेवली आहे की तीच दोन लाल जहाजं दर हाताला येऊन राहिली. ती डोळे मिटून पत्ते धरायची, तो म्हणायचा डावीकडून पहिला, आणि दर वेळी तेच. तिची भरलेली वाटी बघता बघता रिकामी झाली. एवढी मोठी जहाजं तिच्या गड्डीच्या तळाशी तशीच पडून राहिली.

"हा तं त्याचाच डाव," निकेश म्हणाला. "मलेही रायपूरले असाच मारायचा."

"मले राग आला," मंदाबाई म्हणाली. "खरंच आला. मी पत्ते आपटले. तोंड फिरवून बसली, बोललीच नाही. तं तो हसाले लागला. पालथाच होता, मान लोंबलेली, हसता हसता लाळ गळून राहिली, पत्त्यावर पडली. मी पुसत होती तं अजून हसला."

तिच्या मागं दारात सुखराम उभा होता. केव्हापासून, ते तिला माहीत नव्हतं. निकेशनं डबा पिशवीत टाकला, दोघांच्या पाया पडला आणि गेला.

सुखराम पायरीपर्यंत आला. बसला नाही.

"कवा हसला होता?" त्यानं विचारलं.

"मंडईच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी. तुमी मांगं लाकूड तासून राहिले होते."

सुखराम फाटकाकडे पाहत राहिला. "आवाज आला होता मले," तो म्हणाला. "मले वाटलं, ठसका लागला."

त्यानंतर त्यानं ते वाक्य, बसवून मारल्याचं, पुन्हा तोंडातून काढलं नाही. मागंही घेतलं नाही. दोघं त्या वाक्यासकट राहू लागली.

पुढच्या आषाढात मंदाबाई रोवण्याला गेली. टोळी शकुबाईकडेच राहिली होती, आणि ती चांगली चालवत होती. मंदाबाईला तिनं ओळीच्या मधे जागा दिली. एवढ्या दिवसांत कंबर आखडली होती, हाताची जुनी चाल राहिली नव्हती. दोन्ही बाजूंच्या बाया तिच्यासाठी हळू झाल्या. तिच्या ते लक्षात आलं. ती चिखलात हात घालून पऱ्हं लावत राहिली.